राकेशचं पथ्य

आबा गुरुजींच्या घरात राकेश नावाचं कुणीतरी आजारी माणूस आहे, असं मी सुरुवातीचे बरेच दिवस धरून चाललो होतो. बँकेने माझी बदली साताऱ्याहून थेट बनारसला केली आणि दुर्गाघाटावरच्या एका उंच, अरुंद घराचा दुसरा मजला मला भाड्याने मिळाला. वरच्या मजल्यावर घरमालक आबा गुरुजी एकटेच राहतात, असं मला सांगण्यात आलं होतं. पण पहाट झाली की वरून आवाज यायचा, "राकेश, तोंड उघड. राकेश, गोळी थुंकलीस तर याद राख." संध्याकाळी पुन्हा तेच. मधूनच कोरड्या खोकल्याची उबळ ऐकू यायची. नातू असेल, दम्याचा त्रास असेल, असा विचार करून एका रविवारी मी संत्री घेऊन वर गेलो.

दार गुरुजींनीच उघडलं. सत्तरीला आलेले, ठेंगणे, गोरे, पोट थोडं सुटलेलं, शेंडीला घट्ट गाठ. राकेशची तब्येत कशी आहे, असं मी विचारलं, तेव्हा त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. इतक्या आपुलकीने याआधी कुणी विचारलं नसावं. त्यांनी मला आत नेलं. खिडकीखाली पाटावर, धाबळीत गुंडाळलेलं, पांढरंशुभ्र, फुगीर केसांचं, उशीएवढं कुत्रं बसलं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, संत्र्यांकडे पाहिलं आणि तोंड फिरवून घेतलं.

गुरुजींच्या मुलाने, श्रीपादने, त्याचं नाव रॉकी ठेवलं होतं. पुढे श्रीपाद नोकरीसाठी कॅनडाला गेला आणि कुत्रं वडिलांच्या गळ्यात पडलं. संध्येच्या वेळी घरात रॉकी रॉकी ओरडणं गुरुजींना प्रशस्त वाटेना. राकेश म्हणजे पौर्णिमेचा चंद्र, हा पांढरा आहे, शोभून दिसतं, असं म्हणून त्यांनी त्याचं बारसं नव्याने केलं. गल्लीतल्या हिंदी मंडळींनीही ते मान्य केलं. "राकेश भइया की तबीयत कैसी है पंडिज्जी?" असं भाजीवाली अगदी गंभीरपणे विचारायची.

गुरुजींचा व्यवसाय तीर्थोपाध्यायाचा. महाराष्ट्रातून काशीला येणाऱ्या यजमानांचे श्राद्धविधी, गंगापूजन, अभिषेक हे त्यांचं काम. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या हेच. त्यामुळे जगातली कोणतीही गोष्ट करायची तर तिचा काहीतरी विधी असतो आणि तो पाळला की फळ मिळतं, यावर त्यांचा गाढ विश्वास. "विधी म्हणजे विधी, साहेब," हे त्यांचं पालुपद. मी बँकेचा मॅनेजर म्हणून ते मला साहेब म्हणायचे, पण स्वर असा असायचा की आपण नुकतेच मुंज झालेले बटू आहोत असं वाटावं.

राकेशच्या औषधालाही त्यांनी विधी लावला होता. मी तो प्रत्यक्ष पाहिला आहे. सकाळी स्नान आटोपून ते पाटासमोर बसत, पळीभर पाणी हातावर घेत आणि खणखणीत आवाजात संकल्प सोडत. संवत्सर, मास, तिथी, वार सगळं यथासांग म्हणून शेवटी, "काश्यपगोत्रोत्पन्नस्य राकेशनाम्नः हृद्रोगोपशमनार्थं गुटिकाप्रदानमहं करिष्ये." काश्यप कशावरून, असं मी विचारलं. ज्याला गोत्र ठाऊक नसतं त्याला काश्यप देतात, हा नियमच आहे, आणि कुत्र्यांना वगळा असं कुठे लिहिलेलं नाही, असं त्यांनी सांगितलं. मग राकेशचा जबडा उघडून गोळी आत आणि नाकावर हळूच फुंकर. फुंकर मारली की कुत्रं गिळतं, हे त्यांना डॉक्टरांनी शिकवलं होतं. ती आता विधीचाच भाग झाली होती.

अडचण होती ती सोवळ्याची. गोळी जेवणाच्या तासभर आधी, उपाशीपोटी द्यायची. म्हणजे नेमकी गुरुजी सोवळ्यात असण्याच्या वेळी. कुत्र्याला शिवलं की पुन्हा स्नान. शिवाय छातीत साठणारं पाणी उतरवायची दुसरी गोळी होती, ती दिली की राकेशला थोड्या थोड्या वेळाने खाली न्यावं लागे, आणि जिने चढणं तर त्याला बंद. म्हणजे उचलणं आलं. ऐन थंडीत गुरुजींची दिवसातून इतक्या वेळा आंघोळ झाली की राकेशची धाप कमी होऊन गुरुजींनाच धाप लागली. शेवटी त्यांनी तोड काढली. लोकरीच्या वस्त्राला विटाळ लागत नाही. तेव्हा राकेशला धाबळीत गुंडाळायचं, म्हणजे आपण धाबळीला शिवतो, कुत्र्याला नाही. उन्हाळा आला तशी लोकर सोसेना, तेव्हा त्यांनी आपला जुना रेशमी मुकटा फाडून त्याचा तुकडा राकेशला नेसवला. रेशीमही सोवळ्याला चालतं. वैशाखातल्या उन्हात रेशमी वस्त्र गुंडाळून घाटावर उचलून आणलेलं ते कुत्रं बघून परदेशी प्रवासी फोटो काढत आणि कसलीतरी प्राचीन प्रथा पाहायला मिळाली या समाधानात पुढे जात.

डॉक्टरांकडे जायचं म्हणजे एक यात्राच. आमच्या गल्ल्यांत गाडी सोडाच, रिक्षाही शिरत नाही. दुर्गाघाटावरून नाव करायची, मुन्शी घाटाला उतरायचं, पायऱ्या चढून रस्ता गाठायचा आणि मग रिक्षा. मी एकदा रजा होती म्हणून बरोबर गेलो. डॉक्टर पाठक हा तरुण, उंच, शांत माणूस. राकेशच्या छातीला नळी लावून तो डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिला. दुखणं त्याने सोपं करून सांगितलं. हृदयात कप्प्यांच्या मध्ये झडप असते, रक्त पुढे गेलं की ती मिटते. लहान चणीच्या कुत्र्यांमध्ये म्हातारपणी ती जाड होते, नीट मिटत नाही, रक्त मागे गळतं. मग हृदय फुगतं आणि फुफ्फुसात पाणी साठतं.

गुरुजींना ते लगेच उमगलं. "पावसाळ्यात आमचं खालचं दार फुगतं ना साहेब, तसं." आणि मग डॉक्टरकडे वळून, तर मग रंधा मारता येत नाही का, असं त्यांनी खरोखरच विचारलं. परदेशात कुठे कुठे तशी शस्त्रक्रिया करतात, आपल्याकडे गोळ्यांवरच चालवायचं, दार दुरुस्त होणार नाही पण घर चालू राहील, असं पाठक म्हणाला. झोपेत श्वास किती वेगाने चालतो ते रोज बघायचं. जिने नाहीत. आणि खाण्यात मीठ बंद.

"थोडं?" गुरुजींनी विचारलं.

"बिलकुल नहीं, पंडिज्जी."

गुरुजींचे डोळे चमकले. थोडं चालेल असं म्हणणाऱ्या माणसाविषयी त्यांना कधीच आदर वाटत नसे. त्याच संध्याकाळी ते मिठाची बरणी घेऊन खाली आले आणि ती माझ्या ओट्यावर ठेवून म्हणाले, "ठेवा तुम्हाला. आता हा पदार्थ वर येणार नाही." राकेशसाठी वेगळं आणि स्वतःसाठी वेगळं असं दोनदा सोवळ्यात शिजवणं जमणार नव्हतं, तेव्हा सगळ्या घरानेच मीठ सोडलं होतं. मी थक्क झालो. एका कुत्र्यापायी या वयात अळणी जेवायचं म्हणजे चेष्टा नव्हे. विशेष म्हणजे गुरुजींची कसलीच तक्रार नव्हती. मीठ सोडलेल्या माणसाचा इतका तृप्त चेहरा मी पाहिला नव्हता. जेवून ढेकर देत खाली यायचे आणि संयमाचं महत्त्व मला पटवायचे.

राकेशचा श्वास मोजायचा प्रकार तर बघण्यासारखा होता. कुणी टक लावून बघतंय हे त्याला झोपेतही कळायचं आणि तो जागा होऊन उलट बघायला लागायचा. म्हणून गुरुजी त्याच्याकडे पाठ करून, दाढीचा आरसा हातात धरून, आरशातून त्याचं पोट हलताना बघत. त्या वेळी जिन्यात खोकायला मलाही बंदी होती. एकदा श्राद्धासाठी आलेल्या सोलापूरच्या यजमानांना गोळीची वेळ झाली म्हणून त्यांनी पाऊण विधीवर घाटावर बसवून ठेवलं. "पितर थांबतील हो," ते जाता जाता म्हणाले, "इतकी वर्षं थांबलेत." यजमानांनी मान डोलावली. पंडित एवढ्या लगबगीने गेले म्हणजे काहीतरी मोठाच मुहूर्त असणार, असं त्यांना वाटलं असावं.

एवढं सगळं कशासाठी, हे मला एकदा कळलं. रोज सकाळी श्रीपादचा व्हिडिओ कॉल यायचा. तिकडे तेव्हा रात्र. तो विचारायचा, रॉकीने खाल्लं का, रॉकी खोकला का, रॉकीला दाखवा. राकेश दिसला की तो लाडे लाडे बोलायचा आणि मग झोप येतेय म्हणून फोन ठेवायचा. एका सकाळी फोन ठेवल्यावर गुरुजी सहज सांगितल्यासारखं मला म्हणाले, "याच्या आधी महिन्यातून एकदा यायचा फोन. बात अशी आहे साहेब, हा गेला तर तो रोज कशाला करेल? माझं काय बघायचंय त्यात." आणि ते राकेशच्या मुकट्याची गाठ सोडून पुन्हा बांधत बसले. मला फार वाईट वाटलं.

इतकं कडक पथ्य पाळूनही राकेशला उतार पडेना. उलट खोकला वाढला, पोट धपापायला लागलं. पाठकने पाण्याची गोळी वाढवली. तरी तेच. मीठ कुठून तरी पोटात जातंय, नीट शोधा, असं त्याने फोनवर सांगितलं. झालं. गुरुजींनी सगळी गल्ली संशयित ठरवली. पहिला आरोपी बब्बन. घराच्या खालीच त्याचं कचोरी-जिलबीचं दुकान, आणि राकेशला खाली आणलं की तो प्रेमाने त्याला हाक मारायचा. एवढा पुरावा गुरुजींना पुरेसा होता. भर गर्दीच्या वेळी दुकानासमोर उभं राहून त्यांनी बब्बनला असं काही सुनावलं की गिऱ्हाइकांच्या हातातली जिलबी हातात राहिली. बब्बन शपथा घेत होता. गुरुजी म्हणाले, शपथेचाही विधी असतो, तो आधी शिकून ये.

आषाढातल्या एकादशीच्या सकाळी वरून हाक आली, ती हाक ऐकूनच मी तसाच वर धावलो. राकेश मान ताणून, तोंड उघडं ठेवून श्वास घेत होता. त्या अवस्थेत त्याला नावेतून नेण्याची सोय नव्हती. मी पाठकला फोन केला आणि तो भला माणूस मोटारसायकल रस्त्यावर टाकून गल्ल्यांतून पळत आला. त्याने इंजेक्शन दिलं आणि आता वाट बघायची म्हणाला. आम्ही तिघं भिंतीला टेकून बसलो. गुरुजी ओठातल्या ओठात जप करत होते आणि मधूनच तो थांबवून राकेशकडे बघत होते. बऱ्याच वेळाने राकेशचं पोट शांत झालं, त्याने डोकं पाटावर टेकलं.

आता घरी आलेला माणूस उपाशी कसा जाऊ द्यायचा. गुरुजींनी पाठकला आणि मला फराळाला बसवलं. वऱ्याचा भात आणि दाण्याची आमटी. पाठकने एक घास घेतला, दुसरा घेतला आणि हात थांबवला.

"पंडिज्जी, आप तो कहते थे घर में नमक है ही नहीं."

"नहीं है."

"तो ये?"

"अरे, ते सैंधव," गुरुजी म्हणाले. डॉक्टर शिकलेला असला तरी शेवटी पोर आहे, असा कनवाळू भाव त्यांच्या तोंडावर होता. "सेंधा. उपवास में चलता है."

पाठकने पान जरा बाजूला सरकवलं. "और राकेश के खाने में?"

"वही. बाकी तो हाथ भी नहीं लगाते हम."

पाठक गुरुजींकडे वळला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "पंडिज्जी, ये भी नमक ही है. आपके उपवास को चलता होगा. इसके दिल को नहीं चलता."

मिठाची बरणी माझ्या ओट्यावर आल्यापासून वर रोज एकादशी चालू होती आणि राकेश चातुर्मासाचा फराळ जेवत होता. मला हसू येत होतं आणि गुरुजींकडे बघून ते जिरतही होतं. ते पाटाशी जाऊन बसले. त्या दिवशी मुकटा-धाबळी काही मध्ये न घेता त्यांनी उघडा हात राकेशच्या पाठीवर ठेवला. "म्हणजे मीच घालत होतो," ते म्हणाले. एवढंच.

दुसऱ्या दिवशी ते बब्बनकडे गेले आणि तशाच भर गर्दीत त्याची माफी मागितली. बब्बन इतका गहिवरला की त्याने दोन कचोऱ्या त्यांच्या हातात कोंबल्या. गुरुजी बाहेरचं खात नसत, त्यामुळे त्या मी खाल्ल्या. सैंधवाची मोठी बरणी फळीवर मागे गेली आणि आता जेवणात खरोखरच मीठ उरलं नाही. राकेशसाठी वेगळं शिजवा आणि तुम्ही खा, असं मी सुचवलं. हे माझं प्रायश्चित्त आहे, असं म्हणून त्यांनी ते नाकारलं. संयमावरची व्याख्यानं बंद झाली. जेवण झालं की ते खाली येऊन खिन्नपणे बसत आणि माझ्या स्वयंपाकाचा वास घेत. इकडे राकेश मात्र दिवाळीपर्यंत टुणटुणीत झाला. खोकला गेला, डोळे चमकायला लागले, भाजीवालीवर पुन्हा भुंकू लागला.

आणि नेमका तेव्हाच श्रीपाद आला. उंच, वडिलांपेक्षा अबोल, जिन्यात डोकं आपटून घेणारा मुलगा. बाबांना या वयात त्रास नको, तब्येत बरी असेल तर रॉकीला कॅनडाला घेऊन जातो, असं त्याने आल्या आल्या जाहीर केलं. त्याने हे चांगल्याच बुद्धीने ठरवलं होतं. गुरुजी म्हणाले, "तुझाच आहे तो." डॉक्टरने तपासून सांगितलं की ठरवू, असं ठरलं.

तपासणीच्या दिवशी आम्ही नावेत बसलो. श्रीपाद पुढे नावाड्याशी बोलत होता. गुरुजी मागे माझ्याजवळ, मांडीवर धाबळीतला राकेश. ते माझ्या कानाशी आले.

"परवा सकाळी ती फळीवरची बरणी काढली होती मी, साहेब. एक चिमूट. दोन दिवस एकेक चिमूट घातली असती तर याची छाती आज भरलेली असती. डॉक्टर नाही म्हणाला असता. हा राहिला असता."

"मग?"

"रोज सकाळी कसला संकल्प सोडतो मी? आणि त्याच हाताने मीठ घालू?" त्यांनी राकेशच्या डोक्यावरची लोकर सारखी केली. "बरणीतलं सगळं गंगेत सोडून आलो. बरणी घासून ठेवलीय, तुमच्याकडे लोणचं असेल तर घाला."

त्यांनी सैंधवाला मीठ म्हटलं, हे माझ्या ध्यानात आलं.

पाठकने राकेशला तपासलं, छातीचा फोटो काढला, जुन्या फोटोशेजारी धरून बघितला. फुफ्फुसं स्वच्छ आहेत, पंडितजींनी कमाल केली, असं तो म्हणाला. श्रीपादच्या चेहऱ्यावर आनंद पसरला. गुरुजींनी डोळे मिटून घेतले. "लेकिन," पाठक पुढे म्हणाला, "वाल्व तो वही है. इतना लंबा सफ़र, डर, गरमी, बीच में साँस फूली तो हवाई जहाज़ में कौन देखेगा? हम मना करेंगे."

श्रीपादचा चेहरा उतरला. आपलाही उतरायला हवा हे गुरुजींच्या लक्षात आलं आणि त्यांनी तसा प्रयत्न केला. पण तो चेहरा काही केल्या खाली येईना. "अरेरे," ते म्हणाले, "फार वाईट झालं." मग परतताना मुन्शी घाटाच्या पायऱ्या ते राकेशला कवेत घेऊन अशा उतरले की नावाडी बघतच राहिला.

श्रीपाद आणखी काही दिवस राहिला. गोळी देताना, आरसा धरताना, अळणी भात कालवताना तो वडिलांना दारात उभा राहून बघायचा. मग तो परत गेला.

माझी बदली झाली तेव्हा सामान खाली गेल्यावर निरोप घ्यायला मी वर गेलो. सकाळची वेळ होती. खणखणीत आवाजात संकल्प चालला होता. फोन पितळी तांब्याला टेकून ठेवलेला, पलीकडे श्रीपाद. गुरुजींनी गोळी दिली, फुंकर मारली, मग फोन उचलून राकेशच्या नाकासमोर धरला आणि त्याने खाल्लं काय, झोपला कसा, याचा पाढा सुरू केला. मी दारातच थांबलो.

"बाबा," फोनमधून आवाज आला, "फोन जरा वर घ्या. तुम्ही दिसत नाही."

"मी?" गुरुजी गोंधळले. "मला काय झालंय? मी ठीक आहे."

"हो. पण दाखवा ना."

गुरुजींनी खांद्यावरच्या उपरण्याने आधी तोंड पुसलं, शेंडी चाचपली आणि दोन्ही हातांनी फोन उचलला. इतका उंच उचलला की श्रीपादला फक्त घराचं छत दिसत असणार. "आता?" ते विचारत होते, "आता दिसतोय का?"